छत्री जवळ, भिंत लांब

या महिन्यात फोटोसाठीच्या दिव्यांवरचे प्रश्न एवढे आले की लेन्सवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. बहुतेकांकडे सामान सारखंच आहे: एक फ्लॅश, एक स्टँड, उजेड मऊ करणारी एक छत्री, आणि कॅमेऱ्यावरून लांबचा फ्लॅश पेटवणारा एक ट्रिगर. आणि बहुतेकांची गाडी शेवटी एकाच प्रश्नावर येते, की आता दुसरा फ्लॅश घेऊ का? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. दुसरा दिवा तुमच्याकडे आहे. तुमच्या खोलीच्या भिंती हाच तो दिवा, आणि तो तुम्हाला न विचारता पेटतो. त्याला आवर घालता येईपर्यंत नवीन काही घेऊ नका.

*प्रश्न : फ्लॅशपुढे पांढरी शूट-थ्रू छत्री लावतो. खोली दहा बाय बारा फुटांची, भिंती फिकट हिरव्या. पत्नीला भिंतीशी बसवून छत्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो, म्हणजे प्रकाश सगळीकडे नीट पसरेल. फोटो स्वच्छ येतात, पण ओळखपत्रावरच्या फोटोसारखे सपाट. शिवाय एक गाल आजारी माणसाचा असावा तसा दिसतो.*

प्रकाश सगळीकडे पसरावा असं तुम्हीच लिहिलंय, आणि तो पसरलाच आहे. सपाटपणा म्हणजे दुसरं काही नाही.

शूट-थ्रू छत्रीच्या कापडातून काही उजेड पुढे जातो आणि बराचसा उलटून मागे खोलीत सांडतो. तो छताला लागतो, बाजूच्या भिंतींना लागतो आणि तिथून परत चेहऱ्यावर येतो. जिथे सावली पडायला हवी तिथेच भिंत उजेड ओतते, आणि तुमच्याकडे तोही हिरवा. व्हाइट बॅलन्सशी, म्हणजे कॅमेऱ्याच्या रंग जुळवायच्या सेटिंगशी, झटापट करू नका. सावलीकडचा गाल बरोबर केलात की उजेडाकडचा गुलाबी होईल, कारण दोन गालांवर दोन रंगांचे दिवे आहेत.

आता अंतराचं बघू. माझ्या स्टँडला एक सुतळी बांधलेली असते. तिला ७० सेंटिमीटर, १ मीटर, १.४ मीटर, २ मीटर आणि २.८ मीटर अशा गाठी आहेत. सुतळीचं एक टोक छत्रीच्या कापडाशी धरायचं आणि दुसरं समोरच्याच्या नाकाशी न्यायचं. दर गाठीला उजेड निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप कमी. लेन्सवरचे अ‍ॅपर्चरचे आकडे आठवा: १.४, २, २.८. तेच आकडे इथेही येतात, कारण दोन्हीकडे हिशेब वर्गाचा आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. केप्लरने हा नियम १६०४ साली मांडला. आपल्याला फक्त सुतळी ताणायची आहे. (छत्री चेहऱ्याच्या अगदी जवळ असेल तर हिशेब तंतोतंत जुळत नाही, कारण नियम बिंदूएवढ्या दिव्याचा आहे आणि छत्री चांगली मीटरभर रुंद असते. कामापुरता मात्र तो पक्का धरा.)

हा हिशेब तुमच्या खोलीला लावते. सध्या छत्री पत्नीपासून अडीच मीटरवर आहे आणि भिंत त्यांच्या मागे अर्ध्या मीटरवर. छत्रीच्या दृष्टीने चेहरा आणि भिंत यांच्यात फरकच नाही, जेमतेम अर्धा स्टॉप. म्हणून भिंतही चेहऱ्याइतकीच उजळते. त्यांना भिंतीपासून दीड मीटर पुढे आणा आणि छत्री चेहऱ्यापासून ८० सेंटिमीटरवर आणा. आता भिंत छत्रीपासून २.३ मीटरवर गेली आणि तिच्यावर चेहऱ्याच्या आठव्या हिश्श्याएवढाच उजेड पडतो. तीन स्टॉपचा फरक. तीच फिकट हिरवी भिंत फोटोत गडद राखाडी-हिरवी दिसेल आणि लोक विचारतील, पडदा कुठला लावलाय?

जवळ आणल्याचा याहून मोठा फायदा वेगळाच आहे. उजेड मऊ की कडक हे छत्रीच्या लेबलावर ठरत नाही. चेहऱ्यावरून बघितलं तर ती छत्री केवढी दिसते, त्यावर ठरतं. अडीच मीटरवरून ती लहानशी दिसते, म्हणून सावलीची कड टोकदार. ८० सेंटिमीटरवर तीच छत्री अर्धं आकाश व्यापते आणि सावली गालावर हळूहळू विरत जाते. त्यात फ्लॅशची ताकदही कमी लागते, त्यामुळे भिंतींवरून परत येणारा उजेड चेहऱ्यावरच्या थेट उजेडाच्या मानाने फारच फिका पडतो. भिंतींना आवर घालायचा सगळ्यात सोपा उपाय हा.

एवढं करूनही लहान खोलीत थोडा हिरवा उजेड येणारच. सावलीच्या बाजूला, खांद्यापासून हातभर अंतरावर, चौकटीबाहेर काळी चादर टांगा. चकचकीत कापड नको, सुती बरं. त्या गालावर तुम्हाला आजवर न दिसलेली सावली दिसेल. ती फार गडद वाटली तर चादर काढून तिथे पांढरा थर्माकोल उभा करा आणि मागेपुढे सरकवत राहा. आता सावली किती ठेवायची ते तुम्ही ठरवताय, रंगारी नाही.

सेटिंग विचारलं नाहीत तरी सांगते, कारण पुढचं पत्र तेच असेल. पडदे ओढा, घरातले दिवे बंद करा. कॅमेरा मॅन्युअलवर: आयएसओ २००, एफ ५.६, शटर १/१६०. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काळा आला नाही तर कुठून तरी परका उजेड येतोय, तो शोधा. मग फ्लॅश मॅन्युअलवर, पूर्ण ताकदीच्या १/३२ ला ठेवून चालू करा आणि कमी पडला तर १/१६ करा. छत्री चेहऱ्याच्या एका बाजूला पंचेचाळीस अंशांवर, मध्य डोळ्यांच्या जरा वर, खाली झुकलेला. नाकाची सावली तोंडाच्या कोपऱ्याकडे तिरकी उतरली की बरोबर. छत्री आणखी बाजूला आणि वर नेलीत तर ती सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावावरून त्याला रेम्ब्रां लायटिंग म्हणतात. बघायला सुरेख, पण पहिल्याच दिवशी त्याच्या मागे लागू नका.

आणि पंखा बंद. उघडी छत्री म्हणजे शीड, वाऱ्याच्या एका झोताने स्टँड फ्लॅशसकट आडवा होतो. स्टँडच्या खालच्या पट्टीला पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून अडकवा.

*प्रश्न : फोटोच्या खालच्या भागात काळा पट्टा येतो. ट्रिगर खराब आहे का?*

शटर १/५०० वर ठेवलंय असं तुम्हीच पुढे लिहिलंय, तिथेच उत्तर आहे. तुमच्या कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. १/२०० किंवा १/२५० पर्यंत एक क्षण असा येतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो, आणि फ्लॅश त्याच क्षणी पेटतो. त्याहून वेग वाढवला की पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधी दुसरा निघालेला असतो. काळा पट्टा ही त्या पडद्याची सावली. स्वस्त ट्रिगर थोडा उशीर करतात, म्हणून मी १/१६० च्या वर जातच नाही. घरात जाण्याची गरजही नसते. तुमचा फोटो फ्लॅशच्या उजेडाने गोठतो, आणि कमी ताकदीवर तो उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. याहून जास्त वेगावरही फ्लॅश चालावा म्हणून हायस्पीड सिंक नावाची सोय आहे, पण ती ताकद खाते. ती उन्हासाठी राखून ठेवा.

*प्रश्न : बाबांचं पोर्ट्रेट काढायचं आहे. त्यांचा चष्मा जाड आहे आणि दोन्ही काचांत छत्री काड्यांसकट दिसते. चष्मा काढला तर ते ओळखू येत नाहीत!*

चष्मा काढू नका. काचा काढलेली रिकामी फ्रेम घालायला सांगणारे फोटोग्राफर असतात. मला ते पटत नाही. जाड काचेतून डोळे जसे दिसतात आणि गालाची कड जशी आत सरकते, तसेच तुमचे बाबा तुम्हाला रोज दिसतात.

काच म्हणजे आरसा. तिच्यावर उजेड ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परततो. म्हणून सगळ्यात वाईट जागा कोणती? चेहरा जेव्हा कॅमेरा आणि छत्री यांच्या बरोबर मधोमध बघत असतो ती. आणि नवशिके नेमकं तेच करतात, माणसाला 'जरा उजेडाकडे वळा' म्हणतात. बाबांना उलटं वळवा, छत्रीपासून थोडं दूर, कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूला. काचेतला उजेड कॅमेऱ्याला सोडून भलतीकडे निघून जाईल. यात कॅमेऱ्याकडचा रुंद गाल उजळतो आणि चेहरा थोडा भरलेला दिसतो. बाबा कृश असतील तर ते चांगलंच.

वळवूनही काही उरलं तर छत्री वर न्या. मग हनुवटी किंचित खाली. मग चष्म्याच्या दांड्या कानांवरून पाव इंच वर उचला, म्हणजे काचा जमिनीकडे झुकतील; समोरून कळतसुद्धा नाही. छत्री वर नेताना एका गोष्टीवर लक्ष ठेवा: फ्रेमच्या वरच्या कडेची सावली डोळ्यांवर उतरली की फार झालं, तिथून खाली या.

वरच्या उत्तरात छत्री जवळ आणा म्हणाले, चष्म्यापुढे मात्र तो नियम थोडा सैल करावा लागतो. छत्री जवळ असली की मोठी, आणि मोठी वस्तू आरशात टाळणं कठीण. १.४ मीटरच्या गाठीवर जा. छोट्या फ्लॅशला आधी उजेड दाखवणारा दिवा नसतो, म्हणून प्रत्येक वेळी फोटो काढून बघावं लागतं आणि तोवर बाबा कंटाळतात. त्यापेक्षा कोणाला तरी मोबाइलची टॉर्च छत्रीच्या कडेकडेने फिरवायला सांगा आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या जागेवरून काचांकडे बघा. कुठल्या कडेला टॉर्च काचेत चमकते ते कळलं की छत्री किती सरकवायची तेही कळतं.

*प्रश्न : माझी मुलगी सावळी आहे. फोटो उजळ यावा म्हणून फ्लॅश वाढवला की कपाळ आणि नाक पांढरं पडतं. कमी केला की चेहरा मातकट. सावळ्या रंगाला नक्की किती उजेड लागतो?*

गोऱ्याला लागतो तेवढाच. एकाच खुर्चीत, त्याच छत्रीखाली, गोरी मैत्रीण आणि तुमची मुलगी पाळीपाळीने बसवा आणि सेटिंगला हात लावू नका. दोघी आपापल्या रंगाच्या दिसतील. एक्स्पोजर चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाचं असतं, चेहऱ्याचं नसतं.

गोंधळ टीटीएल करतं, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवायची सोय. त्यात कॅमेरा आधी एक छोटा झोत टाकून किती उजेड परत आला ते बघतो आणि सगळं जग मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. सावळा चेहरा चौकटभर असेल तर कॅमेरा फ्लॅश वाढवतो. तिने पांढरा कुडता घातला की घाबरून कमी करतो. तुम्ही त्याच्या वर आणखी वाढवताय. मॅन्युअलवर या.

आता मातकटपणाचं. त्वचेवरून उजेड दोन तऱ्हांनी परततो. एक त्वचेत शिरून, तिचा रंग घेऊन बाहेर येतो. दुसरा वरच्या वर, आरशासारखा परततो. त्याला आपण चकाकी म्हणतो. सावळ्या त्वचेत पहिला कमी असतो, म्हणून दुसरा जास्त उठून दिसतो. चेहऱ्याचा घाट त्या चकाकीतूनच कळतो. ती पुसून टाकू नका, तिला मोठी आणि सौम्य करा. छत्री लांब असेल तर चकाकी कपाळावर छोट्या, जळजळीत डागासारखी येते आणि तेच तुम्हाला पांढरं दिसतंय. छत्री ७० सेंटिमीटरवर आणा, थोडी जास्त बाजूला घ्या आणि फ्लॅशची ताकद उतरवा. आता चकाकी गालाच्या हाडावरून लांब पट्ट्यासारखी उतरेल. सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल लावा. त्याचं अंधूक प्रतिबिंब दुसऱ्या गालावर पडलं की मातकटपणा संपला. घाम असेल तर टिश्यूने टिपा, पावडर नको. पावडर फ्लॅशमध्ये राखेसारखी दिसते.

दोघी मैत्रिणी एकत्र बसल्या तर तुमच्या मुलीला छत्रीच्या जवळच्या बाजूला बसवा. फरक आपोआप थोडा मिटतो.

'उजळ' या शब्दाबद्दल मात्र एक बोलते, रागावू नका. फोटोत ती तिच्या रंगाहून फिकी दिसली पाहिजे असा अर्थ असेल, तर त्याचं तंत्र मी शिकवत नाही.

*प्रश्न : मी अकरावीत आहे. ट्रिगर घ्यायला पैसे नाहीत. कॅमेऱ्याच्या वर उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशने मोठा फ्लॅश पेटवता येतो असं ऐकलं. पेटतो, पण फोटोत त्याचा उजेडच येत नाही.*

तुझा फ्लॅश पेटतोय, पण आधीच. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश टीटीएलवर असणार. तो खऱ्या फोटोआधी मोजमापाचा एक झोत टाकतो. मोठ्या फ्लॅशचा डोळा तो बघून लगेच पेटतो, आणि शटर उघडेपर्यंत त्याचं काम संपलेलं असतं. मधलं अंतर इतकं कमी असतं की आपल्याला दोन्ही एकच वाटतात.

कॅमेऱ्याच्या मेनूत शिरून छोटा फ्लॅश मॅन्युअलवर कर, ताकद सगळ्यात कमी. ते शक्य नसेल तर मोठ्या फ्लॅशवर एस १ आणि एस २ असे पर्याय आहेत का बघ. बऱ्याच फ्लॅशवर एस २ मध्ये पहिला झोत सोडून दुसऱ्याला पेटायची सोय असते. छोट्या फ्लॅशचा उजेड चेहऱ्यावर नको, म्हणून त्याच्यापुढे पांढऱ्या कार्डाचा तुकडा तिरका धर, म्हणजे उजेड छताकडे जाईल. मोठ्या फ्लॅशचा डोळा कॅमेऱ्याकडे वळलेला असू दे. घरात हे झकास चालतं, उन्हात चालत नाही.

फोटो एकसारखे येत नाहीत असंही लिहिलं आहेस. फ्लॅशचा 'तयार' दाखवणारा दिवा लागला म्हणून फ्लॅश पूर्ण भरला असं नसतं, एखादा सेकंद जास्त थांब. सेल चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे वापर; साधे सेल फ्लॅश भरायला फार वेळ लावतात. आणि पूर्ण ताकदीवर लागोपाठ झोत टाकू नकोस, फ्लॅश तापतो. सरावाला कोणी बसायला तयार नसेल तर टायमर लावून स्वतः बस. मित्र पाच मिनिटांत पळतात.

*प्रश्न : शूट-थ्रू, पांढरी की चंदेरी? आणि फ्लॅशच्या झूमचं काय करायचं?*

एकच घ्यायची असेल तर काळ्या पाठीची पांढरी, जिचं काळं आवरण काढता येतं. आवरण काढलं की शूट-थ्रू; घातलं की छत्री उलटी धरायची, उजेड आतून परतून चेहऱ्याकडे येतो, मागे सांडत नाही. लहान खोलीत आवरणासकटच वापराल. फक्त अशी छत्री चेहऱ्याच्या फार जवळ नेता येत नाही, कारण दांडा आणि फ्लॅश पुढे येतात. आकार ११० सेंटिमीटरच्या आसपास पुरे. चंदेरी छत्री उजेड जास्त देते, पण चकाकीही जास्त. तेलकट चेहऱ्याला ती निर्दय आहे.

झूम म्हणजे फ्लॅशचा झोत किती रुंद ते ठरवणारा आकडा. तो २४ ते ३५ च्या मध्ये ठेवा. १०५ वर ठेवलात तर छत्रीच्या मधला वाटोळा भागच उजळतो, म्हणजे पैसे मोठ्या छत्रीचे आणि वापर छोट्या छत्रीचा. खात्री करायची असेल तर ताकद अगदी कमी करा, अ‍ॅपर्चर एफ १६ करा आणि छत्रीचाच फोटो काढा. कापड किती भरलंय ते दिसेल. दांड्यावर फ्लॅश पुढेमागे करून योग्य जागा सापडली की मी तिथे चिकटपट्टी लावून ठेवते.

*प्रश्न : मागे टेबललॅम्प पेटलेला दिसावा, पण तो फोटोत येतच नाही.*

शटर हळू करा. १/१६० वर लॅम्पचा उजेड पोचत नाही. १/१५ वर पोचतो आणि चेहऱ्यावरच्या फ्लॅशमध्ये फरक पडत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवा. बसलेल्या माणसाला स्थिर राहायला सांगा, नाहीतर कडांना भुतासारखी सावली येते. लॅम्प फारच पिवळा दिसला तर फ्लॅशवर सीटीओचा नारिंगी पारदर्शक तुकडा लावा आणि व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या बल्बच्या सेटिंगवर, न्या. पूर्ण सीटीओने लॅम्प आणि चेहरा एकाच रंगात येतात आणि खोली निर्जीव वाटते. म्हणून मी अर्ध्या सीटीओवर, म्हणजे फिकट तुकड्यावर, थांबते. चेहरा नीट दिसेल एवढा व्हाइट बॅलन्स हाताने जुळवायचा, आणि लॅम्प थोडा पिवळा राहू द्यायचा.